वानखेडे बाईंचा आलेख

फोनवर बाईंचे यजमान विनायकराव एवढंच बोलले, "ही गेली, सर…" मी "कधी?" असंही विचारलं नाही. बाई हा उन्हाळा पार करतील की नाही, ही धाकधूक मला वर्षभर होती, आणि तसा अंदाज बांधायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या फोनला आता दीड महिना झाला.

हिंगणघाटच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायला लागलो, तेव्हा वानखेडे बाई तिथल्या जुन्या गणित शिक्षिका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाळेत दोन कॉम्प्युटर आले आणि धूळ बसेल म्हणून कुलपात गेले. बाईंनी हेडमास्तरांकडून किल्ली मागून घेतली ती परत केलीच नाही. पुस्तक समोर ठेवून स्वतः शिकल्या, मग मला शिकवलं. नववीच्या मुली पुलावरून वेणा नदीचं पाणी कुठवर चढलं ते रोज बघून यायच्या, रकान्यात भरायच्या आणि पडद्यावर रेषा उमटायची. बाई म्हणायच्या, "नदी वहीत मावत नाई, म्हणून आकड्यात तिची नक्कल करायची. नक्कल चुकली त कुठं चुकली ते पाहा." बटण दाबण्याआधी पुढचा बिंदू कुठं पडेल ते प्रत्येकीनं सांगायचं. एकीनं विचारलं, "चुकलं त मार्क कापसान काय, बाई?" "न सांगनारीचे कापीन," बाई म्हणाल्या.

मग त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. दर महिन्याला रक्त तपासायला नागपूर. एका मधल्या सुट्टीत त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तारखा, शेजारी आकडे, वर चढत गेलेली रेषा.

"कोनाची हाये ते नका इचारू. पुढं कुठं जाईन ते सांगा."

रक्तातल्या क्रिएटिनिनचे आकडे होते ते; मूत्रपिंडं थकतील तसे ते चढतात. प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा मोठी.

"बिंदू कमी आहेत, बाई. इतक्यावरून सांगता येत नाही."

"नऊ हायेत. नदीचे सातच होते, तवा तुमी छातीठोक सांगत होते."

मग त्यांनीच सूत्र टाकलं, रेषा पुढे ओढली. ती चौकटीच्या बाहेर गेली… "चुकली त लय बरं होईन," एवढं म्हणून, घंटा झाली तशी त्या वर्गावर निघून गेल्या.

डायलिसिस सुरू झालं आणि रेषा खाली वळली. चार महिने मी वेड्यासारखा आशेवर होतो. बाईंचं शाळेत येणं थांबलं, तेव्हा त्या फोनवर आकडा सांगायच्या, मी भरायचो. रेषा पुन्हा चढायला लागली. एकदा त्यांनी सांगितला त्यापेक्षा कमी आकडा मी टाकला. नेमकं त्याच दिवशी बाई म्हणाल्या, "वाचून दाखवा बरं." मी वाचला.

"सर, खोट्या आकड्यानं मी बरी होत नाई…"

मी तो दुरुस्त केला. तेवढंच माझ्या हाती होतं.

गेल्या आठवड्यात विनायकराव कापडाचं दुकान बंद ठेवून शाळेत आले. "तिचं ते दाखवा ना, मले." मी फाईल उघडली. त्यांना आलेख कळत नाही. पण मी तारखा वाचत गेलो आणि ते एकेका बिंदूवर बोट ठेवत गेले. "ह्या दिवशी येताना तिनं मोसंब्या घेतल्या… ह्या दिवशी गाडीत माह्या खांद्यावर झोपली… ह्या दिवशी मले म्हणे, तुमाले सयपाक शिकवतो."

आकडे संपले. त्याखाली बाईंनी आधीच टाकून ठेवलेल्या पुढच्या तपासण्यांच्या तारखा होत्या, थेट दिवाळीपर्यंतच्या. शेजारचे चौकोन कोरे.

"हे मोकळं काऊन हाये, सर?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या कोऱ्या चौकोनांसमोर बसून राहिले. मुली वर्गासाठी दारात येऊन थांबल्या होत्या. मी त्यांना हातानंच खुणावून परत पाठवलं.