बंपरवरचे हात

परवा धाकट्या भावाची गाडी विकायला काढली, मागच्या चाकापाशी वाकलो तर ग्रीसचा वास आला आणि दुष्काळातली ती सकाळ आठवली. आमच्या नव्या वसाहतीत टँकर आठ दिवसांनी यायचा आणि घरासमोरच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गाडी उंच, वळणावर एका अंगाला झुकायची, आईला मळमळायचं. म्हणून धाकट्या भावानं क्रांती चौकातल्या दुकानातून स्वे बार आणला होता, म्हणजे झुकणं कमी व्हावं म्हणून मागच्या चाकांमध्ये बसवायची जाड लोखंडी दांडी. जॅकवर गाडी उचलून तो खाली शिरला, मी पाने देत होतो. तेवढ्यात जॅकखालची फळी भेगेकडे सरकली आणि गाडी करकरत बोटभर खाली बसली. “आधी बाहेर ये,” मी म्हणालो. “दोनच नट राहिलेत, दादा.” मी दोन्ही हातांनी बंपर धरून उभा राहिलो. खालून त्याला माझे पाय दिसले असावेत. “काढ ते हात. गाडी खाली आली तर तुझ्यानं थांबणारे व्हय?” तो हसत होता आणि मी बंपर सोडला नव्हता. नट आवळून तो बाहेर आला, माझ्या सदऱ्याला हात पुसले. त्या दिवशी देवगाव रंगारीपर्यंत आई गाडीत निवांत झोपली. गेल्या वर्षी दवाखान्यात, त्याच्या शेवटच्या रात्री, पलंगाची दांडी मी तशीच दोन्ही हातांनी धरून उभा होतो. काढ ते हात, असं तो म्हणाला नाही.