दत्तोपंत मास्तरांची पांढरी सुरई

जुन्या जालन्यातल्या आमच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला रुजू झालो, त्याच आठवड्यात इतिहासाचे दत्तोपंत मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. नाव नाही, गाव नाही, एकदम विचारले, "मेलेल्यांची भांडी रंगवाल का?" हे गृहस्थ स्वतःची नोकरी घालवणार आणि माझीही, असे मला तेव्हाच वाटले. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना सांगतो, थोडक्यात वाचलो.

प्राचीन ग्रीक लोक मृताच्या कबरीपाशी तेलाने भरलेली पांढरी सुरई ठेवत. तिच्यावर निरोपाचे चित्र असे. मास्तरांनी कुंभार पिंपळगाव या खेड्यातून तशी सुरई घडवून आणली आणि पुस्तकात पाहून मी ती रंगवली. राजांची नावे पाठ करण्याआधी माणसे कशी रडली ते पोरांनी पाहावे, हा मास्तरांचा आग्रह. एरवी पेंगणारा वर्ग त्या दिवशी जागा होता.

त्याच हिवाळ्यात गावात प्लेग शिरला. मास्तरांनी मढ्याचे मडके शाळेत आणून साथ ओढवली, अशी आवई उठली. एका सकाळी फाटकाशी जमाव काठ्या घेऊन उभा राहिला. पुढे होते अडतीवरचे हमाल रामजी. त्यांचा थोरला लेक नुकताच साथीत गेला होता. हेडमास्तर म्हणाले, "ती सुरई विहिरीत टाका, नाहीतर हे शाळा पेटवतील." मास्तर सुरई घेऊन सरळ फाटकाबाहेर गेले.

"मास्तर, द्या ते मडकं. फोडल्याबिगर म्या बिलकुल जाणार न्हाई."

"फोडा," म्हणत मास्तरांनी ती रामजींच्याच हातात दिली. "पण आधी बराबर बघून घ्या, कुणाला फोडताय ते."

रामजींनी काठी काखेत धरली. "ह्यो बसलेला कोण?"

"बाप."

"अन् उभा?"

"लेक. निघालाय. बाप हात धरून निरोप देतोय."

मागून कुणी ओरडले, "रामजी, फोड की जल्दी." रामजींनी चित्रातल्या बापाच्या हातावर बोट ठेवले. म्हणाले, "माझ्या लेकराला पलेगच्या गाडीत घालून नेऊन राह्यले व्हते. मला जवळबी जाऊ दिलं न्हाई."

मास्तरांनी शाळेच्या समईचे तेल आणवून सुरईत ओतले. रामजींनी ती उपरण्यात गुंडाळली आणि कुंडलिका नदीच्या काठी, लेकाला नेले होते तिथे नेऊन ठेवली. काठ्या टाकून जमाव त्यांच्यामागे गेला. फाटक लावताना मास्तरांना दोनदा प्रयत्न करूनही कडी लागेना. तोवर तेही घाबरले होते हे मला कळलेच नव्हते. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर फार जीव आहे. साथ ओसरल्यावर रामजींनी धाकट्याचे नाव आमच्याच शाळेत घातले.

हल्ली मास्तर चेष्टेने म्हणतात, "तुमचा हात चालतोय तोवर माझीही एक सुरई रंगवून ठेवा." मास्तर, आज सगळ्यांदेखत सांगतो. तब्येत सांभाळा आणि पोरांना असेच जागे ठेवा. माझ्याकडचा पांढरा रंग संपला आहे, आणि तुमची शंभरी होईपर्यंत मी तो आणणार नाही.