वाढत्या अंगाचा फ्रॉक

टाचणीमावशींना हे नाव पडलं, कारण त्यांच्या ओठांत सदा दोन-चार टाचण्या धरलेल्या असत. बोलायचं तर आधी त्या काढाव्या लागत, आणि तेवढा खटाटोप करावा असं माणूस त्यांच्या कपडेदुरुस्तीच्या दुकानात आता क्वचितच येई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा साता समुद्रापलीकडे, सून तिकडचीच, आणि नात स्पॅनिशशिवाय दुसरं काही बोलत नसे. दर रविवारी दुपारी फोनवर तिचा गोल चेहरा दिसे. ती बाबाला सांगे, बाबा आजीला सांगे, आजी पुन्हा बाबाला. नातीशी एक तरी वाक्य मध्ये कोणी नसताना बोलायचं, एवढीच मावशींची इच्छा होती.

पण अख्खी भाषा शिकायची कुठून? मावशींनी हाताशी होतं तिथूनच सुरुवात केली, कपड्यांपासून. फोनवरच्या धड्यातले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवायचे आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांना टाचून ठेवायचे. फाल्दा म्हणजे स्कर्ट, बोल्सीयो म्हणजे खिसा. कामीसा तर चक्क आपला खमीस निघाला, तेव्हा परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसा त्यांना आनंद झाला. मशीन चालवता चालवता पाठांतर चाले. ऐकायला समोर कपडे चढवायचा पुतळा, त्याला ना डोकं ना कान. एकदा बँकेतल्या कारकुनाच्या पँटवरची चिठ्ठी काढायची राहिली आणि तो भला माणूस दिवसभर पाठीमागे 'पान्तालोन' मिरवत हिंडला. दुसऱ्या दिवशी तणतणत आला, पण कारण कळल्यावर हसू लागला. मावशीही हसल्या. तो गेल्यावर दुकान पुन्हा गप्प झालं.

नुसते शब्द पाठ करून भागत नाही, हे त्यांना पुढच्या धड्यात कळलं. त्यातली बाई आरशासमोर उभी राहून म्हणे, "मे केदा ब्येन", म्हणजे मला नीट बसतो. सैल, घट्ट, लांब, लहान, गिऱ्हाईक जी जी कुरकुर करतं ती सगळी मावशींनी घोकून काढली. मग नातीच्या सातव्या वाढदिवसासाठी पिवळा, दोन खिशांचा फ्रॉक शिवला आणि पाठवून दिला. विचारायचं वाक्य तयार होतं: तुला नीट बसतो का?

रविवारी नात फ्रॉक घालून फोनसमोर आली. मावशींनी ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"ते केदा ब्येन?"

नातीनं बाबाकडे पाहिलं, मग आजीकडे. "नो. मे केदा पेकेन्यो."

"खूप आवडलाय म्हणतेय, आई," मुलगा घाईनं म्हणाला. "अगदी मापात बसलाय."

"हो का," मावशी म्हणाल्या. लहान होतो, हे त्यांना कळलं होतं. आणि आता दिसतही होतं. नात चार पावलं मागे सरली तेव्हा काखेत कापड काचत होतं, घेर गुडघ्याच्या पार वर गेला होता. मुलांचं वाढत्या अंगाचं शिवावं, असं तीस वर्षं त्या आयाबायांना बजावत आल्या. आणि स्वतः मात्र दोन वर्षांपूर्वी इथे येऊन गेलेल्या, निरोप देताना मांडीवर बसलेल्या पोरीच्या मापानं शिवून मोकळ्या झाल्या. फोनवर फक्त चेहरा दिसतो. चेहऱ्यावरून उंची कुठली कळायला?

नात पुन्हा पुढे आली. काखेतलं कापड ओढून दाखवत, धाकट्याला समजवावं तशी सावकाश आजीला म्हणाली, "पेकेन्यो, अबुएला."

"सी," मावशी म्हणाल्या. "पेकेन्यो."

मध्ये कोणी नव्हतं.

फोन बंद झाल्यावर मावशींना आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. त्यांनी नव्या फ्रॉकसाठी टेबलावर कागद पसरला, टेप काढली, खडू हातात घेतला. खांद्याची खूण केली. तिथून खाली किती उतरायचं, ते मात्र त्यांना कळेना.