वर गेलेला हात

वडील, आमचे बापू, पेडगावहून माझ्याकडे परभणीला राहायला आले तेव्हा त्यांना माझं नाव आठवत होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते गेलं. मग मी कधी त्यांची बहीण असायचे, कधी दवाखान्यातली नर्स, आणि दिवेलागणीला घरात अंधारून आलं की चोर.

बापू यायच्या आधी, नवरा गेल्यापासून, घरात मी एकटीच होते. त्याच वर्षी, चाळिशी उलटून गेल्यावर, मी कराटे शिकायला लागले. ऑफिसात सगळे हसले. पण मला मारामारी शिकायची नव्हती. छातीत श्वास अडकायचा, म्हणून मी सकाळी मैदानावर फिरायला जायचे. तिथं एका कोपऱ्यात एक निवृत्त क्रीडाशिक्षिका वर्ग घ्यायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मॅडम हाणायला कमी आणि उभं राहायला जास्त शिकवायच्या. "समोरच्याचा हात नंतर बघा," त्या म्हणायच्या. "आधी आपला श्वास कुठं अडकलाय ते बघा. मग तो चिडलाय का घाबरलाय ते बघा." साहेबांची बोलणी खाताना, बँकेच्या रांगेत, रिकाम्या घराचं कुलूप उघडताना मला हे उपयोगी पडायचं.

बापूंपुढं ते टिकेना.

"कोन हाय गं तू? आमच्या घरात काय करायलीस?"

"बापू, मी हाय. चहा करायले."

"चोरटे! निघ भाईर!"

आणि काठी यायची. मी हात आडवा धरायचे, दात आवळायचे आणि मनात श्वास मोजायचे. बापच तो, त्याला काय करणार? भर उन्हाळ्यात मी ऑफिसला लांब बाह्यांचे ब्लाउज घालून जायला लागले.

वर्गात मॅडमनी माझी बाही वर सारली. "हे वर्गातले वळ न्हाईत," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी बाही पुन्हा खाली ओढली. मग म्हणाल्या, "तू शांत न्हाईस. तू नुसता मार खायलीस. एक दिवस तुझा हात सुटंल, अन् तो तुझ्या ताब्यात राहनार न्हाई."

तसंच झालं. मी गॅससमोर पाठमोरी उभी होते. मागून काठीची चाहूल लागली आणि विचार यायच्या आत मी वळले. डावा हात वर गेला, काठी उडून भांड्यांच्या मांडणीवर आदळली. उजवी मूठ कमरेला आवळलेली, सुटायच्या बेतात होती.

बापू भिंतीला घसरत खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी डोकं झाकून घेतलं. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी जन्मात ऐकला नव्हता. बारीक, लेकराचा आवाज.

"मारू नका काका. बैल म्या न्हाई सोडला. आईची आन, म्या न्हाई सोडला."

माझी मूठ तशीच होती. ती उघडायला मला वेळ लागला. मग मी तिथंच फरशीवर बसले. वर्गाच्या सुरुवातीला बसतो तशी, गुडघे मोडून, तळवे मांडीवर उघडे ठेवून. चहा उतू गेला, गॅस विझला. मी हात लांब करून बटण बंद केलं. बापू बोटांच्या फटीतून माझ्याकडं बघत होते.

"बैल सापडला का?" त्यांनी विचारलं.

"सापडला."

"कुठं?"

"वढ्याला."

"त्याला कुनी मारलं न्हाई ना?"

"न्हाई बापू."

त्यानंतर दिवेलागण व्हायच्या आधी मी सगळे दिवे लावायचे आणि त्यांच्यासमोर खाली बसून राहायचे. कधी ते निवायचे. कधी नाही. काठी लपवली तर ताट यायचं. एकदा तांब्या कपाळावर बसला आणि टाके पडले.

ते टाके बघून पाथरीहून भाऊ आला. मी औषध आणायला गेले होते. परत आले तर बापूंचे हात जुन्या धोतरानं बाजेला बांधलेले.

"सोड त्यांना," मी म्हणाले.

"ताई, मरशील एक दिवस."

"सोड म्हनते ना."

"तुझं ते शांत बसनं तुझ्या वर्गात दाखव. मी हितं रोज न्हाई ना यायला!"

तो खोटं बोलत नव्हता. मी गाठी सोडल्या. बापूंच्या मनगटांवर लाल पट्टे उठले होते. भाऊ बाहेर जाऊन मोटरसायकलपाशी पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

थंडीत बापूंचं उठणं बंद झालं. मारणंही थांबलं. पण पांघरूण नीट करायला मी हात उचलला की ते डोळे मिटून अंग चोरायचे. मी हात खालून, त्यांना दिसेल असा न्यायला शिकले. तरी शेवटच्या दिवसापर्यंत ते दचकत राहिले. माझ्या हाताला घाबरतच ते गेले, हे मला कोणी कितीही समजावलं तरी बदलत नाही.

मी अजून वर्गाला जाते. वरून आलेला वार अडवायची वेळ आली की माझा श्वास छातीत अडकतो. मॅडम थांबतात. घाई करत नाहीत, धीरही देत नाहीत. जोडीदार मुलगी हात खाली घेऊन वाट बघते.

बापूंचे दिवस झाल्यावर मी पेडगावला आत्याकडं गेले होते. बापूंना लहानपणी मारणारे ते काका कोण, विचारलं.

ज्वारी पाखडता पाखडता आत्या थांबली. "काका? गावात थोरल्या मानसाला समदेच काका म्हनायचे, माय. अन् तवा लेकरांना कोन मारत नव्हतं?"

"बैल सुटला होता म्हने."

"कितीदा तरी सुटला असंल," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलवायला लागली.