घाई न्हाई, जीव हाय

"आवं, कापा तिला! न्हाईतर ती सुरी हिकडं द्या, मीच कापते! तेबी जमत नसंल तर मलाच कापा, म्हंजे सुटंन मी एकदाची!"

हा चाचीचा आवाज. चाचीने कोरेगावच्या बाजारात भेंडीचा भाव विचारला, की रहिमतपूरला उभी असलेली आगगाडी शिट्टी झाली समजून सुटायची. मी सांगतोय म्हणून यातलं निम्मं सोडून द्या, तरी पुष्कळ उरतं. त्या सकाळी माझ्या हाटेलातल्या कपबशा फळीवर थरथरत होत्या. समोरच्या ओट्यावर चाचा बसले होते, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कोंबडी. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले,

"घाई न्हाई, गड्या. जीव हाय."

बायकोलाही ते गड्याच म्हणत.

चाचा आमच्या गावाचे मुलाणी. तुमच्याही गावात मुलाणी असेल, म्हणून फार सांगत बसत नाही. जावई येवो, जत्रा असो, खंडोबाचा नवस फेडायचा असो, मराठ्याच्या घरीसुद्धा कोंबडं-बकरं कापायला मुलाणीच यायचा. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय आमच्या पातेल्यात मटण पडायचं नाही. आमच्या गावातल्या तीन पिढ्यांच्या कोंबड्या चाचांच्या हातून गेल्या. त्या सगळ्या एकदम उठून उभ्या राहिल्या असत्या, तर कृष्णेला बांध पडला असता.

पण माणूस असा, की पाखराला आधी पाणी पाजल्याशिवाय सुरी बाहेर काढायचा नाही. "तहानल्येला जीव कापायचा न्हाई," हा त्यांचा नेम. एकदा सुभेदारांकडे नवा जावई आलेला. सुभेदार म्हणजे आमच्याच आळीतले, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, मिशा अजून नोकरीवर असलेले. मसाला वाटून तयार, चुलीवर आधण उकळतंय, आणि कोंबडी काही पाण्याला तोंड लावीना. चाचा तिच्यासमोर मातीची वाटी ठेवून उकिडवे बसले ते बसलेच. आधण आटलं. पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. जावई भिंतीला टेकून घोरायला लागला. सुभेदार ओरडले, "चाचा, तिला चहा पायजे का इचारा!"

"घाई न्हाई, गड्या. जीव हाय."

शेवटी कोंबडीलाच त्यांची दया आली असावी. प्याली. मग मात्र तिला कळायच्या आत एकच हात फिरला. चाचांना दुसरा हात फिरवावा लागलेला मी तरी पाहिला नाही. काम झालं की घरी येऊन सुरी चाचीपुढे ठेवायचे. धार लावायचे ते, धुवायची ती. त्या सुरीला तिसऱ्या माणसाचा हात लागत नव्हता.

आता लाडीची गोष्ट. ही मी माझ्या हाटेलात इतक्यांदा सांगितली आहे, की लढाईच्या दिवसांत साखर मिळत नव्हती आणि गुळाचा काळा चहा द्यावा लागे, तेव्हा लोक चहा सोडून गोष्टच घ्यायला यायचे. एका बाईने तांबूस रंगाची, तुरा एका डोळ्यावर पडलेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, चाचांकडे कापायला आणली. तीच ही लाडी. चाचांनी पाणी पाजलं. डाव्या हातात धरली. उजव्या हातात सुरी. आणि लाडीने त्याच क्षणी त्यांच्या तळहातावर अंडं घातलं! पहिलंवहिलं, कोवळं, ऊन ऊन! यात मी एका शब्दाची भर घातलेली नाही. अंडं तेवढं दर वर्षी थोडं मोठं होतं, त्याला माझा इलाज नाही.

चाचा हातातल्या अंड्याकडे बघत राहिले. मग सुरी खाली ठेवून म्हणाले, "ही देतीया, आन मी हिचं घेऊ व्हय?" आपल्या घरचा पोसलेला कोंबडा कापून त्यांनी त्या बाईला दिला. बाई इतकी खूश, की पुढे महिनाभर दुसरी कुठली कोंबडी अंडं घालतीय का म्हणून वाट बघत होती.

त्या दिवसापासून लाडी घरची झाली. चाचीची सगळ्यात मोठी वैरीण आणि सगळ्यात लाडकी. चाचीचा आवाज चढला की ही कोंबडी बसल्या जागी डोळे मिटून घ्यायची, आम्ही सगळे घेत असू तसेच. सकाळी माझ्या दारात येऊन सांडलेली शेव टिपायची. चाचा कामाला निघाले, की आधी तिला डालग्याखाली झाकायचे आणि मगच कोनाड्यातून सुरी काढायचे. तिने सुरी पाहू नये म्हणून. "एकदा बघितलीया तिनं," म्हणायचे, "बास झालं."

बरीच वर्षं गेली. कोंबड्यांच्या मानाने लाडी म्हातारी झाली, आणि एका हिवाळ्यात तिचं पोट सुटलं. सुरुवातीला आम्ही हसलो. पोट पुढे काढून, पाय फाकवून ती अशी चालायची, की मी म्हटलं, "चाचा, लाडी लोकल बोर्डाला उभी राहणार दिसतीया." चाचाही हसले. अंडं आत अडकलं होतं. कोमट पाण्यात बसवली, एरंडेल पाजलं, चाचीने हळद-लोणी लावून बोट घातलं. अंडं आलं नाही. पोट मात्र पाणी भरलेल्या पखालीसारखं टंच झालं, खालची पिसं गळाली, कातडी लाल झाली. पुढे तिला उभं राहता येईना. श्वास घेतला की घशात शिट्टी वाजायची. ती शिट्टी मला हाटेलात ऐकू यायची, आणि या वाक्यातलं काही सोडून द्यायचं कारण नाही.

सगळ्यांना दिसत होतं. चाचांना तर आमच्या आधी दिसलं असणार. पाखराच्या पोटाला नुसता हात लावून आत काय आहे सांगणारा माणूस. ते आपण होऊनच म्हणाले, "दाना सोडंल त्या दिवशी कापायची. तवर न्हाई."

लाडीने दाणा सोडला. चाचांनी बाजरी चावून, तिची चोच उघडून, बोटाने आत घातली. "खाल्ला की!" म्हणाले.

मग दाणा बोटानेही आत जाईना. तीच ती सकाळ, चाची ओरडली ती. चाचांनी तिला सांगितलं, "पानी पितीया अजून. पानी सोडलं की मग."

"आन मग काय सोडल्यावर?" चाची म्हणाली. "साऱ्या गावाच्या कोंबड्या पटापट कापल्या, आन घरचीच्या येळला हात मोडला व्हय तुमचा? रात्रंदिस कन्हतीया ती! जीव हाय म्हंता, त्यो जीव काय म्हंतुय ते ऐका की!"

चाचांनी लाडीवरचं फडकं नीट केलं.

ज्या दिवशी लाडीने पाणी सोडलं, त्या दिवशी चाचीचा आवाज आलाच नाही. ती आत चुलीपाशी बसून राहिली. चाचांनी धार लावायचा दगड काढला. पाणी टाकून सुरी घासली, पात्यावर करडा चिखल चढेस्तोवर घासली. मग लाडीसमोर मातीची वाटी ठेवली. नेमाप्रमाणे.

आणि तिथेच तो माणूस अडकला. पाणी सोडलं म्हणून कापायची. पण पाणी पाजल्याशिवाय कापायची कशी? जन्मभर पाळलेला नेम आणि कालपरवा घातलेली अट, दोन्ही त्यांचीच, आणि दोन्ही मिळून त्यांना हलू देईनात. बोट पाण्यात बुडवून ते तिच्या चोचीत थेंब सोडायचे. थेंब बाहेर यायचा. पुन्हा सोडायचे. ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं तरी हेच चाललेलं.

सुभेदार काठी टेकत आले. "चाचा, आमच्या पलटनीत खेचराचा पाय मोडला की जागच्या जागी गोळी. दोन मिन्टांचं काम."

"तुमच्या खेचरानं तुमच्या हातावर अंडं घातलं व्हतं का?" चाचांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. सुभेदार ओट्याच्या कडेवर बसले, मिशांवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "माझं स्वताचं खेचर व्हतं तवा दोन मिन्टांत न्हाई झालं. लय उशीर क्येला मी. अजून त्याचं वरडणं ऐकतुया. उठा."

चाचा उठले. लाडीला काखेत घेतलं, सुरी धोतराच्या कडेला दडवली आणि मला म्हणाले, "आण्णा, चल. हिथं चाचीम्होरं नगं."

आम्ही ओढ्यावर गेलो. बाभळीखाली त्यांनी तिला वाळूत ठेवलं, ओंजळीत पाणी आणलं. "एकदाच पी," म्हणाले. "बये, एकदाच पी." तिची चोच त्यांनी ओंजळीत बुडवली. तिने मान बाजूला टाकली. चाचांनी सुरी हातात घेतली. हात वर आला आणि तिथेच राहिला.

मग तिचं सुरू झालं. मान पाठीवर उलटी वळली, पंख वाळूवर आपटायला लागले, पाय हवेत काहीतरी धरू पाहायला लागले. थांबायचं, आणि आता संपलं असं वाटलं की पुन्हा. मला हे वाढवून सांगायची सवय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. हे मी कमी करून सांगतोय. चाचांचा हात सगळा वेळ तसाच, सुरी धरलेला. मी "चाचा, चाचा" म्हणत होतो. शेवटी ती आपली आपणच गेली.

आम्ही बाभळीच्या बुडात खड्डा केला. माती लोटून झाल्यावर चाचांनी विचारलं, "आण्णा, तिला लय झालं न्हवं?"

ज्याने आयुष्यभर फुकट थापा वाटल्या, त्याला तेव्हा एक सापडली नाही.

घरी चाची दारातच उभी होती. "कापली?" तिने विचारलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला माझी जीभ परत मिळाली. "कापली म्हंजे काय, चाची! पानी प्याली घटाघटा, आन एकच हात! तिला कळलंसुदीक न्हाई. बाभळीवरचा कावळाबी उडाला न्हाई, इतकं हळू!" चाचांनी सुरी तिच्या हातात दिली. ती आत गेली.

त्यानंतर चाचांनी पाखराला हात लावला नाही. बोलावणं आलं की शेजारच्या गावच्या मुलाण्याकडे पाठवायचे. जावयांची जेवणं आता वेळेवर होऊ लागली आणि कुणालाच ती गोड लागेनात. एकदा एकाने, बैल उठत नाही, काय करू, म्हणून विचारलं. मी कान टवकारून बसलो, की आता येणार, घाई न्हाई गड्या. चाचा म्हणाले, "आजच्या आज उरक." आणि वाकळ ओढून भिंतीकडे तोंड करून पडले. पुढच्या उन्हाळ्याच्या आत गेले. आजार कुणाला कळला नाही. दाणा मात्र बरेच दिवस आधी सोडला होता.

मी चाचीला भेटायला गेलो. ओट्यावर डालगं पालथं पडलेलं. चाची त्याला टेकून गप्प बसलेली, आणि तिचं ते गप्प बसणं मला सोसेना. म्हणून मी आपली तीच गोष्ट काढली, नेहमीपेक्षा मोठी करून. म्हटलं, "चाची, चाचांसारखा हात पुन्हा व्हनं न्हाई. लाडीच्या येळला म्या डोळ्यांनी बघितलंया. वाटीभर पानी प्याली, चाचांच्या तोंडाकडं बघितलं, आन एकच हात. झोपल्यावानी गेली."

चाचीने डालगं उचलून सरळ ठेवलं.

"सुरी मी धुतली, आण्णा," ती म्हणाली. "तिच्यावर नुसता दगडाचा चिखल व्हता."