कल्ल्यात बोट

नाशिकहून बोईसरची एसटी धरली, तेव्हा नवरा म्हणाला, "कुरियरने मागव की!" हो, मागवते! माझ्या हेमाच्या गाठीचा तुकडा काय कुरियरवाल्याच्या हाती देऊ?

हेमा माझी शाळेपासूनची मैत्रीण, तारापूरला मासे विकते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली होती आणि तिचा एक तुकडा दवाखान्याने तिच्याच हाती दिला होता. आता डॉक्टरांना हवं होतं एकच उत्तर: त्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन भरमसाट आहे का? असेल, तर नेमकं त्यालाच पकडणारं औषध आहे. नसेल, तर ते औषध तिच्या कामाचं नाही.

जव्हारचा घाट ओलांडला. बोईसरला उतरले, तर रिक्षावाल्याने विचारलं, "मैडम, कंपनी जाना है?"

"नहीं, मच्छीवाली के घर."

"फिर तो खाना बढ़िया मिलेगा!" तो हसला. कुंभवलीच्या कारखान्यांचा उग्र वास मागे पडला आणि खारा वारा लागला.

खाणं खरंच झकास होतं. तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं (सुकवलेल्या कोलंबीचं) कालवण. हात धुतले आणि म्हटलं, "आण गं तो तुकडा."

हेमाने बर्फाची पेटी उघडली, पापलेटांखाली हात घातला आणि एक पिशवी काढली. "ताजा हाय बघ! रोज बरफ बदलते."

"अगं बये! मेणात बसवलेला तुकडा तो! वर्षानुवर्षं कपाटात राहतो!"

"मला काय म्हाईत? आमी जपायचं ते बरफातच ठेवतो."

पिशवीत पाणी शिरलं होतं. तुकड्यावरचा नंबर पुसला असेल, तर तो कुणाचा हे कसं सांगणार? पदराने खवलं पुसली. नंबर पेन्सिलीचा होता, जसाच्या तसा! रिपोर्टशी जुळला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"ते प्रथिन जास्त असणं वाईट ना गो?" तिने विचारलं.

"वाईटच. गाठ त्यानेच फोफावते. पण औषधाला धरायलाही तेच सापडतं."

तिने एक रावस उचलला. "अंगाला धरला तर सुटतो. कल्ल्यात बोट घातलं की नाय सुटत. तसं?"

"अस्संच!" मी उडीच मारली.

"आणि कल्लाच नसला तर?"

मी तुकडा पर्समध्ये घातला आणि उठले. परतीच्या एसटीत पर्स मांडीवरून हलवली नाही. वास मात्र सगळ्या गाडीभर गेला.

लॅबमध्ये पातळ काप घेतले, रंगवले आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. पेशीपेशीभोवती जाड, गडद तपकिरी कड, म्हणजे हर-टू भरमसाट! आमच्या डॉक्टरांनीही बघून मान हलवली. ही कड दिसली की पूर्वी मी हळहळायचे. त्या दिवशी मात्र आनंदाने रडले.

फोन लावला. मागे बाजाराचा कालवा चालला होता.

"हेमा, कल्ला सापडला गो!"

तिचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हे, समोरच्या गिऱ्हाइकासाठी: "न्या ताई, तसाच न्या. आज पैसे नाय घेत!"