कवळीवाल्याची स्वतंत्र भाची

माझ्या तोंडात आज जे दात आहेत ते माझे नाहीत, पण त्यांची गोष्ट माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

आमचा कवळीवाला माझा शाळासोबती. एका बाकावर बसून आम्ही एकाच मास्तरांचा मार खाल्ला. मला त्यातून फारसं काही आलं नाही, त्याला अक्षर आलं नाही, पण हात आला. खडूचे दात कोरून ते ओठांत धरायचा आणि मुलींना घाबरवायचा. पुढे तेच त्याचं पोट झालं. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे. हा त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यावर मेणात दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला शिजवायचा आणि कवळी घासूनपुसून परत पाठवायचा. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढे खिडकीखाली लांब टेबल, मागे प्लास्टरची पोती आणि घासायचं यंत्र. फळीवर अर्ध्या वस्तीचे जबडे ओळीने मांडलेले. कोण आतून बोळका आहे हे याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, पण पठ्ठ्या कधी बोलला नाही.

त्याची शिकवायची एक रीत होती. हाताखालच्या माणसाने दात बसवून आणले की तो साचा खिडकीकडे धरायचा. चुकलं असेल तर अंगठा दाबून सगळं मेण सपाट करायचा आणि कुठे चुकलं ते शिव्यांच्या फोडणीसकट सांगायचा. बरोबर असेल तर शब्द नाही. साचा उचलून पुढच्या फळीवर. त्याच्या उस्तादाने त्याला कधी शाबासकी दिली नव्हती, तर हा कुठून देणार? त्या टेबलावर उस्ताद गप्प म्हणजे माणूस पास.

त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी हे बघतच वाढली. शाळेला सुटी लागली की मामाकडे यायची, टेबलाखाली मेणाचे गोळे वळत बसायची, आणि वर कुणाच्या कामावर अंगठा पडला की खाली खुदखुदायची. पुढे लग्न झालं, मुलगा शाळेत जायला लागला, आणि तिच्या मनाने घेतलं की मामाकडे काम शिकायचं आणि मग घरातल्या मागच्या खोलीत स्वतःचं टेबल टाकायचं. सासूने नाक मुरडलं, लोकांचे दात घरात नकोत म्हणाली. मग म्हातारीला स्वतःलाच कवळी लागली, तेव्हा तो विषय आपोआप मिटला.

मामा खूश होता. पण आमच्याकडे म्हणतात ना, जावई म्हणजे दहावा ग्रह. कवळीवाल्याच्या मुलीचा नवरा तर कंपन्यांना कायद्याचा सल्ला देणारा ग्रह. आधीच्या हाताखालच्याने काम सोडताना कवळीवाल्याला कोर्टाची पायरी चढायला लावली होती, त्यामुळे दुधाने पोळलेला सासरा ताकही फुंकून प्यायला तयारच होता. जावयाने तोड काढली. भाचीला नोकरीवर ठेवायचंच नाही. ती स्वतंत्र. हत्यारं तिची, वेळ तिची, काम नगावर. आजारी पडली, बोट कापलं, तर तिचं ती बघेल.

“फक्त एक सांभाळा,” जावई म्हणाला. “काम कसं करायचं ते सांगायचं नाही. सांगितलंत की ती तुमची नोकर ठरली. तयार माल घ्या किंवा परत करा. मधे बोलायचं नाही.”

मी तिथेच होतो. म्हटलं, अरे, मग पोरीने शिकायचं कसं? तर कवळीवाला मलाच म्हणाला की बघून बघून शिकेल, आणि जावई कायदा शिकलाय, तू-मी कुठवर शिकलो?

भाचीला एवढंच सांगितलं की तू आता स्वतःची मालकीण. शेवटची अट तिच्या कानावर कुणी घातलीच नाही. तिला तो शब्द फार आवडला. नवऱ्याच्या मागे लागून तिने सुऱ्या, चिमटे, स्पिरिटचा दिवा असं सगळं घेतलं आणि मामाशेजारी येऊन बसली. हात सुबक होता. पण पहिल्या दिवसापासून एक खोड होती. मागच्या दाढा हिरडीच्या बरोबर कण्यावर, म्हणजे मधल्या उंचवट्यावर, बसाव्या लागतात. ती त्या केसभर बाहेर काढायची, कारण साच्यावर तशा भरदार दिसतात. दिसायला मोत्याची ओळ, पण घास चावला की एक बाजू उचलायची.

कवळीवाल्याला ते दिसलं. तिने साचा पुढे केला की त्याचा अंगठा उठायचा. मग जावई आठवायचा, आणि अंगठा खिशात जायचा. परत करावं तर सख्ख्या बहिणीची मुलगी. तो गुपचूप साचा पुढच्या फळीवर ठेवायचा. ती घरी गेली की दार ओढून घ्यायचा, मेण वितळवायचा, दाढा पुन्हा बसवायचा. सकाळी तीच कवळी डॉक्टरकडे. डॉक्टर खूश, भाची खूश. लोक मामाला मामा बनवतात. इथे मामानेच भाचीला बनवलं, आणि तेही मायेने. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर माझ्या पोटात कुठे काही राहतं?

तिचं टेबल ठरलं. मागच्या खोलीला चुना लागला. एक डॉक्टर तिलाच थेट काम द्यायला कबूल झाला. मामाच्या टेबलावरून सगळं पास होऊन जातं, हीच तिची पदवी होती.

त्याच सुमारास कवळीवाल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो काही दिवस घरी पडला. नेमकी त्याच दिवसांत भाचीच्या हातून माझी कवळी झाली. आरशात असा देखणा दिसलो की बायकोने दोनदा पाहिलं. जेवायला बसलो आणि डावी बाजू टुणकन वर. तो डोळ्याची पट्टी काढून कामावर आला त्या दिवशी कवळी रुमालात बांधून मी कारखान्यात गेलो आणि म्हटलं, दात करतोस की झोपाळे?

भाची हसली. “काका, तुमचीच हिरडी वाकडी असेल. माझ्या एकाही कामावर मामाने आजवर अंगठा मारलेला नाही.”

मी कवळीवाल्याकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत आहे.

तिचं हसू उतरलं. “मामा, तुम्हाला दिसत होतं?”

“दिसत होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या साच्यापासून.”

“मग जायच्या त्या कवळ्या?”

“तू गेलीस की पुन्हा बसवायचो.”

मग त्याने जावयाचं सगळं सांगितलं. सांगताना शिकवलं तर, नोकर ठरलीस तर, असं अडखळत. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “अंगठा मारला असतात तर मी नोकर झाले असते. बरं झालं असतं की, मामा.”

रडली नाही, भांडली नाही. हातातला साचा मेणासकट त्याच्यापुढे ठेवला, हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि गेली. त्या डॉक्टरला तिने स्वतःच नाही म्हणून कळवलं. माझ्या दाढा कवळीवाल्याने दुसऱ्या दिवशी नीट केल्या. दगड चावतो आता.

काही महिन्यांनी तो मला ओढून तिच्या घरी घेऊन गेला. जावयाला त्याने तोंडावर सांगितलं होतं की कोर्ट झालं तर होऊ दे. दारातच त्याने सुरुवात केली. दाढ कण्यावर कशी धरायची, सुरी किती तापवायची, मेण कुठे आधी लावायचं. इतक्या दिवसांचं तुंबलेलं एका दमात. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. मागच्या खोलीत मुलाची सायकल होती. ती आता बेकरीत केकवर फुलं आणि नावं काढायला जायची, पगारावर.

तो दम घ्यायला थांबला तेव्हा ती म्हणाली, “तिथली बाई फार तोंडाळ आहे, मामा. फूल बिघडलं की सगळ्यांसमोर खरवडून टाकते आणि दिवसभर बोलते.” कप पुढे केला. “बरं वाटतं.”

कवळीवाल्याने चहा घेतला. साखर जास्त झाली होती. तो काही बोलला नाही.